राखेतले उडीद

रुपचंदच्या बीकरमध्ये पिवळा रंग आला तेव्हा मी खिडकीपाशी उभी राहून दुसऱ्याच कुणाला ब्युरेट कशी धरायची ते सांगत होते. "मॅडम, माझ्या झिंकनं धर्म बदलला," तो मागून म्हणाला, आणि आजूबाजूची पोरं हसली. एफवायच्या वर्गात प्रत्येक वर्षी असा एक असतो. त्याला उत्तर येत असतं, पण ते सांगण्याआधी हसं मिळवावंसं वाटतं. मी जवळ गेले. त्याला दिलेला क्षार झिंकचाच होता, सकाळी मीच तोलून पुडी बांधली होती. झिंकच्या द्रावणात पोटॅशियम आयोडाइडचे थेंब टाकले तर काही होत नाही, पाणी पाण्यासारखं राहतं. इथे हळदीच्या पाण्यासारखं गढूळ पिवळं झालं होतं. मी त्याला नव्या परीक्षानळीत पुन्हा करायला सांगितलं. काही आलं नाही. "म्हणजे चूक काचेची," मी म्हणाले, "बीकर नीट धुतला नाहीस." त्यानं बीकर उजेडात धरला. तळाशी राखाडी कडा होती, चहा आटल्यावर कपात राहते तशी. "मी कुठे धुतला मॅडम? तुम्हीच घासला सकाळी. तुमच्या त्या घरच्या स्पेशल राखेनं."

हे खरं होतं. प्रयोगशाळेतली घासायची पावडर संपली होती, आणि जळलेले तळ घासायला मी खोलीवरून पत्र्याच्या डबीत थोडी राख आणली होती. जळगावच्या त्या खोलीत माझ्याकडे राख असण्याचं कारण इतकंच की धुळ्याहून आईनं पाठवलेले उडीद राखेत घोळलेले होते. उडीद चाळले की राख खाली उरायची, आणि चांगली राख टाकवत नाही. आमच्याकडे कुणालाच टाकवत नाही.

पोरं गेल्यावर मी दार लोटून घेतलं. फेब्रुवारीतलं चारचं ऊन टेबलावर तिरपं पडलं होतं. चिमूटभर राख, सौम्य नायट्रिक आम्ल, उकळी, गाळणकागद. खाली उतरलेलं पाणी स्वच्छ होतं. त्यात आयोडाइडचे थेंब टाकले आणि पिवळा रंग वरून खाली असा उतरला की जणू तो तिथे आधीपासून बसलेला होता, फक्त हाक मारायची राहिली होती. मी नळी तापवली. रंग नाहीसा झाला. नळाखाली थंड केली, आणि सोन्याच्या बारीक टिकल्या एकेक करून पडू लागल्या, उन्हात चमकत, सावकाश. शिसं. शिशाची ही खूण फसवत नाही. पहिल्यांदा मला आनंद झाला. इतक्या सुंदर टिकल्या मी विद्यार्थिनी असताना कधी पाडल्या नव्हत्या. मग मला चाळणीचा आवाज ऐकू आला. आईच्या हातातल्या चाळणीचा, घासर-घासर, मधेच तळहाताची एक थाप. मी मागे वळून पाहिलं, कारण तो आवाज खोलीतूनच आल्यासारखा वाटला होता. मागे फक्त रॅकवर उपड्या ठेवलेल्या बाटल्या होत्या.

साक्री रोडला आमची गल्ली संपते तिथे पूर्वी भट्टी होती. मी पहिलीत गेले त्या सुमारास ती सुरू झाली आणि मी आठवीत असताना बंद पडली. ट्रकच्या, ट्रॅक्टरच्या, एसटीच्या मेलेल्या बॅटऱ्या तिथे यायच्या, घणानं फुटायच्या, आतलं शिसं वितळून त्याच्या विटा व्हायच्या. आम्हा पोरांना ती जागा आवडायची, कारण तिथे जमिनीवर काळ्या डब्यांची खोकी पडलेली असत आणि भट्टीच्या तोंडातून निळसर पिवळी ज्वाळा दिसे. मालक रतिलाल शेठ पांढऱ्या स्कूटरवर यायचा आणि लगेच परत जायचा. भट्टीतून निघालेल्या राखेचा ढीग मागच्या बाजूला साठत गेला. त्या ढिगावर मुंगी चढत नाही हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं ते मला माहीत नाही. पण एकदा लक्षात आल्यावर ते गल्लीभर झालं. धान्याला राख लावून ठेवायची हे आमच्याकडे काही नवं नव्हतं, चुलीची राख, गोवरीची राख सगळ्याच बायका लावत. ती राख लावूनही पावसाळ्यानंतर एखाद्या मडक्यात भुंगे सापडत. भट्टीची राख लावलेल्या मडक्यात सापडत नसत. वर्ष गेलं, दोन वर्षं गेली, तरी उडीद काळे कुळकुळीत, जसे घातले तसे. मग गल्लीत गॅस आले, चुली गेल्या, घरची राख संपली, आणि ढीग आणखीच उपयोगाचा झाला. भट्टी बंद पडली तेव्हा बायका हळहळल्या नाहीत, ढीग तिथेच होता. उलट राखणदार गेल्यानं बरंच झालं. आई म्हणायची, "आपली भट्टीनी राखले कीड तोंड लावत नही." हे वाक्य ती पाहुण्यांना सांगायची. लोणचं चांगलं मुरलं की बायका जशा सांगतात तशी.

तोंड लावत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी धुळ्याच्या एसटीत खिडकीशी बसल्यावर हे शब्द माझ्याबरोबर होते. माझ्या भावाचं नाव निंबा होतं. माझ्या पाठीवरचं पहिलं मूल जन्मताच गेलं, त्यानंतर हा झाला, म्हणून आईनं त्याला कडू नाव ठेवलं. कडू नावाला मरण तोंड लावत नाही. तो चार वर्षांचा झाला तोवर त्याला धड बोलता येत नव्हतं. 'लता' म्हणताना 'अता' म्हणायचा, आणि पोट धरून कोपऱ्यात बसायचा. डॉक्टर जंत म्हणाले, भगतानं नजर म्हटलं. त्याची एकच आवडती जागा होती. आमच्या धाब्याच्या घराला छतात उजेडासाठी भोक आहे, दुपारी त्यातून उन्हाचा खांब खाली उतरतो, आणि आई चाळायला बसायची ती त्या उजेडाशी, म्हणजे खडे दिसतात. चाळणी हलली की त्या खांबात धूळ चढायची. निंबा तिच्या मांडीशी बसून दोन्ही हात त्या धुळीत धरायचा, मुठी मिटायचा, उघडायचा, आणि मग रिकामा हात तोंडात घालून खदखदून हसायचा. रिकामा नव्हता तो. कळण्याचे उडीद आई धूत नसे, धुतले तर दळायला ओलसर होतात. चाळायचे, पाखडायचे, फडक्यानं पुसायचे आणि ज्वारीत मिसळून सालीसकट गिरणीत द्यायचे. ती भाकरी आम्ही सगळे खायचो. निंबा भाकरी खाण्याआधी उजेड खायचा.

तो झटके येऊन गेला. पावसाळा होता, दवाखान्यात नेताना वडील, म्हणजे नाना, पुढे सायकल धरून होते आणि आईच्या हातावर तो आडवा होता, एवढं मला आठवतं. कशानं गेला हे कुणी विचारलं नाही. ज्या घरात आधीच एक गेलेलं असतं तिथे दुसऱ्याचं कारण विचारत नाहीत.

पारोळ्याला गाडी थांबली. काचेवर धूळ होती, तिच्यात माझा चेहरा दिसत होता. मी ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. पुस्तकात लिहिलं आहे की शिसं अंगात असलं की दातांच्या मुळाशी निळसर रेघ दिसते. रेघ दिसली, पण ती काचेच्या चिरेची होती की माझी हे कळेना. शेजारची म्हातारी माझ्याकडे बघत होती. "दात दुखस का वं?" तिनं विचारलं. "लवंग धर." मी हो म्हटलं. मला नेमकं काय माहीत आहे, याची मी मनात मांडणी करत होते. राखेत शिसं आहे, हे माहीत आहे. किती आहे, हे माहीत नाही. रंग पाहून किती ते कळत नाही. निंबा शिशानं गेला, हे मला माहीत नाही. त्याचं काही उरलेलं नाही की ज्याच्यावर आम्ल ओतावं. म्हणजे मी आईला जे सांगायला चालले आहे त्यातलं निम्मं सिद्ध आहे आणि निम्मं फक्त शक्य आहे, आणि जे फक्त शक्य आहे तेच तिला ऐकू येणार आहे. मी वाक्यं करून पाहिली. आई, त्या राखेत विष आहे. आई, अक्काला उडीद देऊ नकोस. आई, कुणाची चूक नाही. तिसरं वाक्य म्हणताच चूक हा शब्द घरात येणार होता, आणि तो एकदा आला की त्याला बसायला आईच्या हातांखेरीज जागा नव्हती.

न सांगण्याची सोय नव्हती. माझी थोरली बहीण यशोदा, आम्ही तिला अक्का म्हणतो, पहिल्या बाळंतपणाला दीपनगरहून, नवऱ्याच्या औष्णिक वीजकेंद्राच्या वसाहतीतून, माहेरी आलेली होती. सातवा सरला होता. आईनं आठवड्यापूर्वी पाठवलेल्या निरोपात दुसरं काहीच नव्हतं: यशोदा आली, चेहऱ्यानं उतरली आहे, तिला उडदाचे लाडू करणार आहे, उडीद हाडांना बळ देतात. हाडांना. शिसं अंगात शिरलं की हाडातच जाऊन बसतं, चुन्यासारखं, चुन्याच्या जागेवर. वर्षानुवर्षं तिथे राहतं आणि बाईला दिवस गेले, पोटातल्या हाडांसाठी तिची हाडं चुना सोडू लागली, की त्याबरोबर हेही सुटतं. हे मी एका जाडजूड पुस्तकात उभ्या उभ्या वाचलं होतं आणि पुस्तक परत ठेवलं होतं. अक्का आणि मी एकाच मडक्यातलं खाऊन वाढलो.

स्टँडवरून घरी न जाता मी आधी भट्टीवर गेले. तिथे आता विटांचा एक अर्धा वर्तुळाकार कट्टा उरला आहे आणि मागे तो ढीग, पूर्वीपेक्षा खचलेला, बाजूनं खणलेला. आमच्या भागात कुठेही मोकळी जागा सोडली की दोन पावसात वेडी बाभूळ माजते. इथे ती कडेला येऊन थांबली होती, जणू कुणी रेघ मारून दिली होती. रेघेच्या आत जमीन करडी, घट्ट, मधे मधे काळ्या खोक्यांचे तुकडे. मी बसले आणि मातीला हात लावणार तोच थांबले, रुमाल काढला, रुमालानं चिमूट उचलली. मग स्वतःचंच हसू आलं. याच जागेवर आम्ही अनवाणी लंगडी खेळलो होतो. ऊन कलत होतं, वारा नव्हता, आणि तरीही ढिगावरून काहीतरी बारीक, सतत, खाली घसरत असल्याचा आवाज येत होता. ढिगाच्या पलीकडून भागाबाई उठली. आमच्या शेजारची, आईच्या बरोबरीची. तिच्या घमेल्यात राख होती. "लता का? कव्हय उनी?" कधी आलीस असं तिनं विचारलं, आणि माझा रुमाल बघून म्हणाली, "रुमालमा काय ली चालनी? मायले सांग, घमेलं ली ये. आते खाले खाले चांगली शे, वरनी पानीमा वाही गयी." वरची पाण्यात वाहून गेली. कुठे गेली, हे मी तिला विचारलं नाही. उतार आमच्या गल्लीकडे होता.

घरात शिरले तेव्हा आई उजेडाच्या खांबाशी बसून चाळत होती. अक्का तिच्याजवळ भिंतीला पाठ टेकून, पाय लांब करून बसलेली, पोटावर हात. सगळं जागच्या जागी होतं, फक्त मांडीशी निंबा नव्हता. आणि मला क्षणभर खरोखर वाटलं की अक्काच्या पोटात जे आहे ते आतून मुठी मिटतं आहे, उघडतं आहे.

"उनी का माय?" आई म्हणाली. चाळणी थांबली नाही. "बठ. यशोदा काय सांगी ऱ्हायनी ऐक. दीपनगरले म्हने राखना पाऊस पडस."

"तं खोटं सांगस का मी?" अक्का म्हणाली. "कपडा वायत टाका तं राख, पानी भरा तं राख. मी ह्यासले म्हनं, नोकरी सोडा आन राख इका. आमनी माय सगळी ली जाई."

"ती राख कामनी नही," आईनं गंभीरपणे सांगितलं. "मागे तूच लई उनी व्हती. मी लाई दखी. महिनामा भुंगा पडनात. नुसती राखनं काय व्हस? राखमा गुन पाहिजे." आणि तिनं चाळणीवर थाप मारली. धूळ उजेडात चढली. अक्कानं नाकापुढे पदर धरला, मग पदर सोडून एक उडदाचा दाणा उचलून तोंडात टाकला. तिला डोहाळ्यातच कच्चं खावंसं वाटायचं, म्हणे.

मी दारातच उभी होते. एसटीत केलेली सगळी वाक्यं मला पाठ होती. मी तोंड उघडलं आणि जे बाहेर आलं ते त्यातलं एकही नव्हतं.

"आई, पोटुशी बाईनं राखेतलं खाऊ नये म्हणतात."

चाळणी थांबली. "कोन म्हनस?"

"माझी घरमालकीण. ताईबाई." अशी कुणी बाई नव्हती, माझी खोली एका पेन्शनर मास्तरांची होती. पण ताईबाई मला स्पष्ट दिसली, नऊवारीतली, कपाळाला मोठं कुंकू. "राख म्हणजे मसणातली वस्तू. जळून गेलेल्याची. नव्या जिवाला तिची सावली चालत नाही. तिच्यातलं खायचं नाही, ती उडते तिथे बसायचंसुद्धा नाही. सुवेर फिटेपर्यंत."

अक्का हसू लागली. "दख वं माय, आमनी सायन्सवाली भगत व्हई गयी! जळगावले हाई शिकाडतंस का? आते लिंबू कापी का तू?"

आई हसली नाही. ग्रहणात अक्काला सुरी न धरू देणारी, उंबऱ्यावर न बसू देणारी माझी आई, तिनं मला एकदाही विचारलं नाही की हे खरं कशावरून. तिनं अक्काचा हात धरून तिच्या तोंडाशी तळवा नेला. "थुक," ती म्हणाली. "दाना थुक पहिले." अक्कानं थुंकला. आईनं तिला उठवून पुढच्या खोलीत बसवलं, चूळ भरायला लावली, चाळलेले उडीद, न चाळलेले उडीद, खाली सांडलेली राख सगळं फडक्यात गुंडाळलं, ओल्या पोतेऱ्यानं जमीन पुसून काढली. मी शिकलेली कुठलीच गोष्ट तिनं इतक्या लवकर ऐकली नव्हती. शिशाचं नाव घेतलं असतं तर तिनं वाद घातला असता: एवढी वरसं खाल्लं, तू नही का खाऊन शिकली? आणि तिचं बरोबर ठरलं असतं. मला हलकं वाटलं. काम झालं होतं आणि काहीच फुटलं नव्हतं.

मग तिनं भाकरी केल्या. अक्कासाठी नुसत्या ज्वारीच्या, वेगळं पीठ काढून. त्या दोन झाल्यावर तिनं नेहमीच्या डब्यातून कळण्याचं पीठ परातीत घेतलं आणि मळायला लागली.

"हे कशाला?" मी म्हणाले.

"आपले नको का? नानासले, तुले, माले."

"पण ते राखेतलंच ना."

"मंग?" तिनं माझ्याकडे पाहिलं. "तू कोठे पोटुशी शेस? आन माले आते काय व्हवाले ऱ्हायनं. टाकी देऊ का एवढं पीठ?"

मी नियम फार काटेकोर केला होता. पोटुशी बाई, एवढंच म्हटलं होतं. त्या चौकटीत अक्का बसत होती, आई बसत नव्हती, नाना बसत नव्हते, मी बसत नव्हते. चौकट मोठी करायची तर शिसं म्हणावं लागलं असतं. तवा तापला. कळण्याच्या भाकरीचा वास घरभर झाला, तो वास मला जळगावच्या खोलीत पुष्कळदा नुसता आठवणीनं येतो. आईनं ताट माझ्यापुढे ठेवलं, भाकरी मोडून तिच्यावर तेल घातलं, कडेला ठेचा ठेवला आणि समोर आपलं ताट घेऊन बसली. पुढच्या खोलीत अक्का कुठलं तरी गाणं गुणगुणत होती. मला एवढंच करायचं होतं, की ताट सरकवायचं. भूक नाही म्हणायचं. पण आई पहिला घास तोंडात घालून चावत होती, आणि तिच्यासमोर बसून तो न खाणं म्हणजे सांगणंच झालं असतं. मी घास घेतला. चव जशी नेहमी असते तशीच होती. त्यात काही वेगळं लागत नव्हतं, आणि जीभ मात्र शोधत होती, दातांच्या मागे, हिरड्यांच्या कडेनं.

उजेडाचा खांब सरकून भिंतीच्या पायथ्याशी गेला होता. जमीन पुसलेली असूनही त्यात बारीक कण तरंगत होते. आई त्यांच्याकडे बघत होती. तिचा चावायचा वेग कमी झाला, मग चावणं थांबलं. तिनं घास गिळला, पदरानं तोंड पुसलं.

"लते," ती म्हणाली, "मंग मना येळले माले कोनी का बरं नही सांगं?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. एखादी वस्तू कुठे ठेवली ते विचारावं तसं तिनं विचारलं, आणि आपल्या ताटातली अर्धी भाकरी उचलून माझ्या ताटात ठेवली. माझं तोंड भरलेलं होतं. मी चावत राहिले.